तक्ता मला पाठ होता

ही वही चित्रकलेची आहे. पानावर रेघा नाहीत, त्यामुळे ओळ वाकडी गेली तरी चालतं. काळ्या स्केचपेननं बोटाएवढं एकेक अक्षर काढते. एका पानावर सात-आठ ओळी बसतात. माझी मुलगी नसीमा लग्न होऊन सासरी गेली, तिच्या कपाटात ही वही अर्धी कोरी राहिली होती.

लिहायचं कारण असं की मला बोलता येत नाही. मुकी नाही मी. पण चार माणसांत स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. वहीसमोर कुणी बसलेलं नसतं. माझ्या हातून जे झालं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं वाटतं, पण दाखवायचं कुणाला ते अजून ठरवलेलं नाही.

आधी डाव्या डोळ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर गारगोटीच्या पुढं. चौथीत असताना सुटलेल्या शेळीमागं उसात शिरले आणि उसाचं पातं डाव्या डोळ्यात गेलं. डोळ्यात फूल पडलं. तेव्हापासून त्या डोळ्यानं सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं. चौथीची परीक्षा डोळ्यावर फडकं बांधून दिली. पुढची शाळा लांब होती. अब्बा म्हणाले, पुरे झालं.

म्हणजे मला डोळा एकच, उजवा. त्या एका डोळ्यावर मी पंचवीस वर्षं संसार केला.

शाळेत मला एकच गोष्ट येत होती, पाठांतर. गुरुजींनी एकदा कविता म्हटली की ती मला पाठ. मला उभं करायचे आणि मी न अडखळता म्हणायची. दुसऱ्याचे शब्द म्हणताना मला लाज वाटत नसे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तांदळातला किडा

आमच्याकडं लग्नाच्या, दावतीच्या जेवणाच्या ऑर्डरी असतात. हे आचारी आहेत. भट्टीवरचं काम यांचं आणि यांच्या माणसांचं. घरात बसून करायचं काम माझं आणि नसीमाचं: कांदा कापणं, तांदूळ निवडणं, खिम्याचे गोळे वळणं.

त्या दिवशी मी ताटात तांदूळ घेऊन दारात बसले होते. ताटात एक काळा किडा दिसला. चिमटीत धरायला गेले तर सरकला. पुन्हा धरला, पुन्हा सरकला. चार-पाच वेळा असं झाल्यावर मी ताट झटकलं. किडा तिथंच. वर आभाळाकडं पाहिलं, तर किडा आभाळात.

नसीमाला म्हटलं, "बघ गं, तांदळात काय हाय."

ती वाकून बघून म्हणाली, "काय न्हाय अम्मी. सोच्छ हाय."

दोन दिवसांत एकाचे दहा किडे झाले. मग धूर आल्यासारखं झालं. उजेड बोचायला लागला. डोळा थोडा लाल होता, फार दुखतही नव्हता. मोठी ऑर्डर होती म्हणून मी आठ दिवस बोलले नाही. शेवटी चहा कपाबाहेर ओतला तेव्हा यांनीच विचारलं.

"काय झालंय गं? कप दिसंना व्हय तुला?"

मी मान हलवली.

"कवाधरनं?"

"आठ दिस झालं."

हे ओरडले, "आठ दिस! आणि तोंडात काय मिठाची गुळणी धरलतीस?"

ओरडतानाच पायात चप्पल घालत होते. तसेच मला दवाखान्यात घेऊन गेले.

आपलीच माणसं

डोळ्यांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त काय असेल तर बाक आणि वाट बघणं. आधी तक्ता वाचायचा. मग डोळ्यात औषध घालतात आणि डोळे मिटून बसायला सांगतात. ओळीनं माणसं बसलेली, माना मागं टाकलेल्या, गालावरनं औषधाचं पाणी ओघळतंय. कुणी कुणाला बघू शकत नाही, म्हणून सगळे मोकळे बोलतात. मला ते बरं वाटलं. मला कुणी बघत नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. अंधाऱ्या खोलीत त्यांनी डोळ्याजवळ दिवा धरून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "घरात मांजर आहे का? कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मटण कधी खाता?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "कच्चं कोण खातंय बाई? आमी काय कोल्हं हाय?"

बाई हसल्या. मीही हसले.

आणि हसता हसता मला आठवलं. खिम्याचे गोळे वळायच्या आधी मीठ बघते ती मीच. कच्चा खिमा मसाला घालून मळला की त्यातला चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवायचा, मीठ कळलं की थुंकून टाकायचं. माझी आई तसंच करायची, सासूही तसंच करायची. सासू गेल्यावर घरात सगळे म्हणायचे, मिठाला जीभ हलिमाची. वीस वर्षं मी हे केलं. खाल्लं कधीच नाही, नुसतं चाखलं. मग ते सांगायचं की नाही? मी ठरवेपर्यंत बाई पुढं गेल्या होत्या.

रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. डोळ्यांनाही दिसणार नाही इतका बारीक जंतू असतो. तो मटणातनं, न धुतलेल्या भाजीतनं, मातीतनं, कशातनंही पोटात जातो. कित्येक माणसांच्या अंगात तो नुसता झोपून असतो, काही करत नाही. तुमच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यात तो उठला आहे.

"पण निम्मं नुकसान तो जंतू करतच नाही," बाई म्हणाल्या. "अंगात रखवालदार असतात. जंतू उठला की ते धावून येतात. जंतूला मारतात, पण डोळ्याचा पडदा फार नाजूक. त्या हाणामारीत तोच फाटतो."

"म्हंजे आपलीच माणसं घर मोडत्यात," हे म्हणाले.

"अगदी तसंच. म्हणून दोन गोळ्या. ही मोठी जंतूला मारायला. ही बारकी सूज कमी करायला, म्हणजे आपल्याच माणसांना आवरायला. दोन्ही घ्यायच्या. मला विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही. सध्या जखम नजरेच्या मध्यावर नाही, शेजारी आहे. ती मध्यावर येऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचा दुसरा डोळा अधू आहे. कळतंय ना मी काय म्हणते?"

मी "व्हय" म्हटलं. मला खरंच कळलं होतं. मध्य गेला तर मी गेले.

घरी आल्यावर नसीमानं मोठ्या गोळ्या निळ्या डब्यात आणि बारक्या लाल डब्यात ठेवल्या. तीन दिवसांनी मी धीर करून तिला मिठाचं सांगितलं. तिचा हात पटकन स्वतःच्या तोंडावर गेला, कारण गेलं वर्षभर मी तिलाही तसंच मीठ बघायला शिकवत होते.

सूज

पंधरा दिवसांत किडे कमी झाले, धूर विरळ झाला. तक्त्यावर आधी उजव्या डोळ्यानं तिसऱ्या ओळीपर्यंत जात होते, ती पाचव्या ओळीपर्यंत गेले. तक्ता वाचून घेणारी मुलगी म्हणाली, "वा मावशी, पास!" वय झाल्यावर कुणी असं पास म्हटलं की किती बरं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

पण बारक्या गोळ्यांनी माझं तोंड सुजलं. गाल वर आले, डोळे बारीक झाले. सारखी भूक लागायची. आरशात बघितलं की दुसरीच कुणी बाई दिसायची.

याच दिवसांत नसीमाला गगनबावड्याकडचे पाहुणे बघून गेले होते आणि मुलगी पसंत पडली होती. मंगनीची तारीख धरायची होती. माझी नणंद, रशीदा आपा, दोन गल्ल्या सोडून राहते. तिनंच ते स्थळ आणलं होतं. ती आली आणि दारातच थांबली.

"या खुदा! हलिमा, तोंड आरशात बघितलंयस काय? भोपळा झालायस की गं."

"गोळ्यांनी झालंय, आपा."

"कसल्या गोळ्या?"

मी बारक्या गोळ्या दाखवल्या. आपा म्हणाली, "ह्यात स्टेराइड असतंय. शेजारनीची हाडं पोकळ झाली ह्यानं. आणि पावणं काय म्हंतील? पोरीच्या आईला कायतरी मोठं दुखणं हाय, लपवलंय आमच्यापासनं. मागं त्या कळंब्याच्या पोरीचं असंच मोडलं, ठावं हाय न्हवं?"

तिचं माझ्यावर प्रेम आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. दुसरं बाळ राहिलं नाही, तेव्हाही तीच होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे वाचून कुणी तिला नावं ठेवू नयेत.

बंद केल्या त्या मीच. मी मनाशी हिशोब मांडला. मोठी गोळी जंतू मारते, म्हणजे खरं औषध ते. बारकी सूज उतरवायची, आणि तिनं तर सूज चढली. म्हणजे ती मला उलटी पडली. आता दिसायला लागलंय. मंगनीपुरतं थांबवू, मग पुन्हा सुरू करू. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हा हिशोब बरोबर वाटला. रोज सकाळी लाल डब्यातली गोळी काढायची आणि पिठाच्या डब्याखाली ठेवायची. नसीमा लाल डबा बघायची आणि समाधानानं जायची. मोठ्या गोळ्या मात्र मी एकही चुकवली नाही.

चार-पाच दिवसांत धूर परत आला.

आता सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे गोळ्या बंद केल्याचंही सांगायचं. हे ओरडतील, बाई ओरडतील, आपाचं नाव येईल. उद्या सांगू असं म्हणत मी दवाखान्याच्या तारखेपर्यंत आले. मंगनी पाच दिवसांवर होती.

बाकावर

बाईंनी मागच्या वेळी म्हटलं होतं, "नजर उतरली तर मात्र दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल." बाकावर बसल्यावर माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं. ठेवून घेतलं तर मंगनी पुढं जाईल. मंगनी पुढं गेली की पाहुणे कारण विचारतील.

तक्त्याची खोली बाकासमोरच होती आणि दार उघडं असायचं. एकेक माणूस आत जायचं आणि मोठ्यानं वाचायचं. "म. प ल. न र ग. च क त व." मी डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या माणसाला पाचव्या ओळीत अडखळायला झालं. दुसऱ्यानं ती नीट म्हटली. तिसऱ्या बाईनं सगळा तक्ता म्हटला. ती बाहेर येईपर्यंत मला तो पाठ झाला होता.

ठरवून नाही केलं मी. कान उघडे होते आणि जिभेला सवय होती.

माझी पाळी आली. त्या मुलीनं माझा डावा डोळा झाकला. "वाचा मावशी."

समोर धूर होता. तक्ता कुठं टांगलाय तेवढं कळत होतं. तिसऱ्या ओळीपासून सगळं राखेसारखं.

मी म्हणाले. न अडखळता, पहिल्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत. गुरुजींसमोर उभी राहून म्हणायची तशी.

"छान मावशी, पाचवी ओळ." तिनं कागदावर लिहिलं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडं फार गर्दी होती. त्यांनी कागद पाहिला. "नजर टिकली आहे. गोळ्या चालू आहेत ना?" मी मान हलवली. "आज औषध घालून आत बघते. तासभर बसाल?"

मी म्हटलं, "लेक बाहेर थांबलीया. घरात मंगनी हाय." आयुष्यात मी एवढं स्पष्ट कधी बोलले नसेन.

बाई हसून म्हणाल्या, "अरे वा. मग पंधरा दिवसांनी नक्की या."

बाहेर नसीमानं विचारलं, "काय म्हटल्या?"

मी म्हटलं, "पास."

मंगनी

त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. हे सकाळपासून भट्टीवर. पाहुण्यांना यांच्या हातचंच जेवण द्यायचं होतं. आपानं माझ्या अंगावर चांगली साडी चढवली, सुजलेले गाल थोडे उतरले होते. "आता कशी मानसात आलीस बघ," असं म्हणून तिनं माझी दृष्ट काढली.

मुलाच्या आईनं नसीमाच्या डोक्यावर ओढणी टाकली, बोटात अंगठी घातली. बायका म्हणाल्या, काय रूप आलंय पोरीला. आपानं मला पुढं ढकललं. "बघ की गं लेकीकडं. बाजूला काय हुबारलीस?"

मी पाहिलं. ओढणीचा जरीचा काठ सगळीकडनं चमकत होता. हातातल्या बांगड्या दिसल्या, मांडीवरचे फुलांचे गजरे दिसले. मधोमध जिथं माझ्या पोरीचं तोंड होतं, तिथं काही नव्हतं. काळं नाही, पांढरं नाही. पाण्यानं पुसलेल्या पाटीसारखं.

मी डावा डोळा मोठा करून पाहिलं. त्यात सगळं धुकं होतं. मान वाकडी केली, तर कान दिसला. कानातला डूल दिसला. परत सरळ बघितलं की तोंड गेलं.

"अम्मी, रडालीस?" नसीमाचा आवाज आला.

सगळ्या बायका हसल्या. आईचं काळीज, म्हणाल्या. कुणीतरी माझ्या हातात मिठाईचं ताट दिलं. ते मी सगळ्यांपुढं फिरवलं. हात पुढं येतील तिथं ताट न्यायचं, तोंडांकडं बघायचंच नाही, असं करत मी तो दिवस काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना सांगितलं. "मला मधलं दिसंना झालंय."

लिहिलेला कागद

डॉक्टरबाईंनी आत बघितलं. मग खुर्ची माझ्याकडं ओढून विचारलं, "बारक्या गोळ्या घेत होता?"

मी म्हटलं, "व्हय."

तेव्हा यांनी खिशातनं रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. गोळ्या. निघताना नसीमाला त्या पिठाच्या डब्याखाली सापडल्या होत्या. हे भर बाजारात आवाज चढवणारे गृहस्थ, त्यांनी तो रुमाल इतक्या हळू उलगडला की मला रडू आलं.

बाई गोळ्यांकडं बघत होत्या. "पण सहा दिवसांपूर्वी तुम्ही पाचवी ओळ वाचली. इथं लिहिलंय."

माझी जीभ चिकटली. हे म्हणाले, "बोल की गं. आता तरी बोल."

"पाठ हुतं," मी म्हटलं.

"काय पाठ होतं?"

"तक्ता. बाकावर बसून ऐकलेलं. दिसत नव्हतं मला."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी आत बघायला हवं होतं मी. कागदावर विसंबले." त्यांना तसं म्हणायची काही गरज नव्हती. एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर स्वतःची चूक बोलून दाखवते, आणि मी माझी पंधरा दिवस पिठाखाली लपवून ठेवली.

त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या गोळीनं जंतू मरत होता. पण आवरणारी गोळी एकदम थांबली आणि रखवालदार मोकाट सुटले. मेलेल्या जंतूवरसुद्धा तुटून पडले. सूज शेजारून सरकत नजरेच्या मध्यावर आली.

मला ठेवून घेतलं. सलाईनमधनं औषध दिलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर काच काढलेली, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली एक आजीबाई होती. डोळ्यावर पट्टी असूनही ती हातानं चाचपत माझ्या केसांची वेणी घालायची. "माझ्या हातास्नी दिसतंय," म्हणायची. ती चार दिवसांनी घरी गेली. जाताना मला नारळाची वडी देऊन गेली. ती चव अजून आठवते.

आपा भेटायला आली. खाटेच्या कडेला बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या जिभेला कीड पडली असती तर बरं झालं असतं गं."

मी तिचा हात धरला. गोळी माझ्या हातानं लपवली होती, तिच्या नाही. हे मी तिला सांगितलं का? नाही. नुसता हात धरून ठेवला. आता इथं लिहिते.

हे सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचे आणि माझं जेवण होईपर्यंत बसायचे. तिसऱ्या दिवशी डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "लोकांपुढं नको बोलूस. खरं माझ्याजवळ तरी बोलायचं हुतंस की. मी काय मारलं असतं व्हय तुला?"

"तुमी ओरडला असता."

"ओरडलो असतो. ओरडून झाल्यावर गोळी दिली असती न्हवं?"



राहिलेलं

सूज उतरली. जागेवर डाग राहिला. बाई म्हणाल्या, डाग जात नाही, मध्य परत येणार नाही. कडेचं दिसतं ते टिकेल. जंतू पुन्हा झोपला आहे, मेला असं म्हणता येत नाही. पुन्हा किडे दिसले तर त्याच दिवशी यायचं.

आता डाव्या डोळ्यानं धुक्यातलं मधलं आणि उजव्यानं कडेचं, असं जोडून जोडून मी बघते. नसीमाचं लग्न झालं. निरोपाच्या वेळी तिचं तोंड मी हातानं बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. लोकांना वाटलं, माया करते.

कांदा कापायचं काम माझ्याकडनं गेलं. तांदूळ निवडायचं गेलं. गोळे वळायचं राहिलं, कारण ते तळव्याला कळतं. हे चहा आणून देतात तेव्हा कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडं करून ठेवतात. काही बोलत नाहीत, पण रोज करतात.

आणि मीठ. आमच्या घरात आता कच्चा खिमा कुणी जिभेला लावत नाही. चिमूटभर खिमा तव्यावर टाकायचा, चांगला परतायचा, मग चाखायचा. एवढंच करायचं होतं. दोन मिनिटांचं काम. आधी आपा म्हणाली होती, भाजल्यावर मिठाचा अंदाज चुकतो. नाही चुकत. नसीमा सासरी जाताना मी तिला पहिलं हेच सांगितलं. बाईंनी तिचंही रक्त तपासून घ्यायला सांगितलं, कारण पोटात मूल असताना हा जंतू नव्यानं शिरला तर मुलाला त्रास होतो. तिच्या रक्तात काही निघालं नाही. म्हणजे तिला पुढंही सांभाळून राहायचं आहे. पण माझी मीठ बघायची शिकवण तिच्या अंगाला लागली नाही, याबद्दल मी अल्लाचे किती आभार मानले ते लिहायला ही वही पुरायची नाही.

माझ्या डोळ्यात जंतू खिम्यातनंच आला का, हे बाईसुद्धा नक्की सांगत नाहीत. कशातनंही आला असेल म्हणतात. पण मध्य कशानं गेला हे मला नक्की ठाऊक आहे.

परवा

परवा तपासणीची तारीख होती. त्याच बाकावर बसले होते. तक्ता तोच आहे. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. टोपी गुडघ्यावर, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. मी कान दिला.

"म. प ल. न र ग..."

परक्या पुरुषाशी मी कधी आपणहून बोलले नाही. जीभ चिकटली होतीच. तरी म्हटलं, "पावणं."

त्यांनी डोळे उघडले. "काय गं बाई?"

"ते पाठ करू नगासा."

"आँ? कोण पाठ करतंय?" ते चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "थोरला ल्योक म्हंतोय, नजर गेली तर गाडी चालवू देनार न्हाय. मी अजून दुधाचं कॅन घालतो डेरीला. बसून काय करू?"

"मलाबी तसंच हुतं," मी म्हटलं. "मी पाठ म्हटलो आणि पास झालो. ह्या डोळ्याचं मधलं गेलं."

ते माझ्या डोळ्याकडं बघत राहिले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. टोपी घालून आत गेले. मी ऐकत होते. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीला थांबले. मग मोठ्यानं म्हणाले, "न्हाय बा. फुडचं दिसत न्हाय."

मग माझी पाळी. ती मुलगी आता मला ओळखते. डावा डोळा झाकून म्हणाली, "वाचा मावशी."

समोर तक्त्याची चौकट दिसत होती, खिळा दिसत होता, तिच्या हातातली पट्टी दिसत होती. मध्ये पुसलेली पाटी. आणि जिभेवर सगळी अक्षरं ओळीनं येऊन उभी राहिली होती. एकही विसरले नव्हते.

"मावशी? पहिली ओळ?"

"पाठ हाय," मी म्हटलं. "दिसत न्हाय."